प्रवासातल्या पाट्या टिपताना

प्रवासात दिसलेल्या गमतीदार पाटीचे छायाचित्र काढणे सोपे असते. पण पाटीची आणि तिच्या जागेची ताटातूट झाली की निम्मी गंमत तिथेच राहते. ‘आफ्टर व्हिस्की, ड्रायव्हिंग रिस्की’ ही ओळ घरी बसून वाचली तर बेताची कोटी वाटते, पण लडाखच्या रस्त्यावर एका अंगाला खोल दरी असताना सीमा सडक संघटनेच्या फलकावर तीच समोर आली की हसता हसता पाय ब्रेककडे जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर कापते, त्यामुळे तिथे छोटे यमकच कामी येते. म्हणून प्रत्येक पाटीची निदान दोन छायाचित्रे घ्यावीत: एक अक्षरे स्पष्ट दिसतील असे जवळून आणि दुसरे परिसर दिसेल इतक्या लांबून. महामार्गावरचे परावर्ती फलक फ्लॅशमध्ये पांढरेफटक येतात, तेव्हा तो बंद ठेवावा.

घाटात वळणावर गाडी थांबवू नये आणि चालकाने फोनला हात लावू नये. हे काम शेजारी बसलेल्याचे. सीमाभागात लष्करी तळ किंवा पूल चौकटीत येत असेल तर ती पाटी सोडून द्यावी.

जवळच्या किलोमीटरच्या दगडाचेही छायाचित्र घ्यावे. त्याचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग आणि केशरी असेल तर ग्रामीण रस्ता, एवढ्यावरून पुढे ठिकाण लावता येते. तारीखही लिहावी, कारण पाट्यांनाही आयुष्य असते: मालमोटारींच्या पाठीवरील ‘हॉर्न ओके प्लीज’ या मजकुरावर महाराष्ट्रात २०१५ साली बंदी आली, आणि तेव्हापासून त्याच्या आधीच्या नि नंतरच्या छायाचित्रांचा अर्थ एक राहिला नाही.

मजकूर वहीत जसाच्या तसा, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसकट उतरवावा. मात्र चहाच्या टपरीवरची चुकलेली वेलांटी ही गंमत नव्हे, असे माझे मत आहे. चुकीमुळे अर्थच पालटला असेल तरच ती नोंद ठेवावी. खरी मौज मुद्दाम लिहिलेल्या पाटीत असते. पुण्यातल्या पेठांत ‘येथे पत्ता सांगितला जाणार नाही’ असे वाचून हसण्यापूर्वी दुकान बोळाच्या तोंडाशी आहे का, ते पाहावे. आणि मालक निवांत असतील (दुपारी १ ते ४ सोडून) तर पाटी का लावावी लागली, हे आदराने विचारावे. ते उत्तर पुष्कळदा पाटीपेक्षा सरस निघते. पाटीवर कुणाचा दूरध्वनी क्रमांक असल्यास छायाचित्र इतरांना पाठवण्यापूर्वी तो झाकावा.

फोनवर फिरत येणाऱ्या ‘पुणेरी पाट्या’ संग्रहात घेऊ नयेत. त्यांतल्या कित्येक कधी कोणत्याच भिंतीवर लागलेल्या नसतात, आणि स्वतः न पाहिलेल्या पाटीची जागा नोंदवणार तरी कशी?

सरावासाठी नवापूर स्थानक उत्तम. तिथल्या फलाटावरील एक बाक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये असून दोन्ही भागांवर राज्यांची नावे रंगवलेली आहेत. इथे लांबून घेतलेले छायाचित्रच उपयोगी पडते. नोंदीत आपण कोणत्या राज्यात बसलो होतो, तेही लिहावे.