वृद्ध देश आणि स्थलांतर : निबंधाची मांडणी कशी करावी

लातूर किंवा संभाजीनगरच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेसाठी ‘लोकसंख्या वृद्ध होत चाललेल्या देशांनी परदेशी स्थलांतरितांवर भिस्त ठेवावी का?’ या विषयावर निबंध लिहिताना आधी प्रश्नाची फोड करावी, कारण कामगारांची टंचाई आणि लोकसंख्येचे वाढते वय या दोन वेगळ्या अडचणी आहेत. टंचाईवर स्थलांतराचा उपाय लवकर लागू पडतो. जपानने एप्रिल २०१९ मध्ये वृद्धसेवेसह काही क्षेत्रांसाठी परदेशी कामगारांचा नवा व्हिसा सुरू केला, तो त्यासाठीच. वयाचे गणित मात्र त्याने सुटत नाही, कारण आलेले तरुणही म्हातारे होतात. येथे आकडा द्यावाच : संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या अहवालानुसार कमावत्या वयाच्या लोकांचे वृद्धांशी असलेले प्रमाण टिकवायचे, तर दक्षिण कोरियाला २०५० पर्यंत पाच अब्जांहून अधिक स्थलांतरित लागले असते.

पाठवणाऱ्या समाजाची बाजू बहुतेक उमेदवार विसरतात, आणि ती आपल्याइतकी जवळून कोणी पाहिलेली नसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली बीडची जोडपी ऊसतोडीला निघतात, तेव्हा गावात वृद्ध आणि नातवंडे उरतात. जपानच्या त्या व्हिसाच्या पहिल्या प्रकारातही साधारणतः कुटुंब नेता येत नाही. साम्य तेवढेच दाखवावे. वेतन आणि करार वेगळे असल्याने ते ताणू नये.

स्थलांतराचा आधार घ्यावा, पण सारी भिस्त त्यावर ठेवू नये, असे माझे मत आहे. तुमचे मत वेगळे असल्यास निवृत्तीवय वाढवणे आणि स्त्रियांचा रोजगार वाढवणे या पर्यायांना उत्तर देऊनच ते मांडावे.