सोसायटीच्या आवारात कलम लावताना

मुंबईत नवीन कलम दोन वेळा दगावतं: जुलैत मुळांशी पाणी साचून आणि ऑक्टोबरमध्ये पाणी न मिळाल्याने. पहिल्या कारणाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. सोसायटीची जमीन म्हणजे बऱ्याचदा भराव. वर चार बोटं लाल माती आणि खाली विटांचे तुकडे, सिमेंट, दगड.

म्हणून मे महिन्यातच दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. आंब्याला तीन फूट. निघालेलं डेब्रिज पुन्हा आत टाकू नका. सिमेंटमधल्या चुन्यामुळे लिंबाची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग खड्डा पाण्याने भरून बघा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल, तर तिथे खड्ड्यात न लावता फूट-दीड फूट उंच मातीचा ढीग करून त्यावर लावा.

जागा निवडताना वीस वर्षांपुढचं झाड डोळ्यांसमोर आणा. आंबा इमारतीपासून किमान पंधरा-वीस फूट, लिंबू सहा-आठ फूट, कढीपत्ता चार फुटांवरही चालतो. ड्रेनेज लाइनवर काहीच नको. एकदा वाढलेलं झाड तोडायला १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, हे कमिटीला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

नर्सरीत सगळ्यात उंच रोपावर उडी मारू नका. लहान पिशवीत वर्षानुवर्षं राहिलेल्या उंच रोपाची मुळं आत गोल फिरलेली असतात. दोन-अडीच फुटांचं, जाडसर खोडाचं घ्या.

जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावणी करा. दोन फुटी खड्ड्याला चार-पाच घमेली कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड चांगल्या मातीत मिसळून भरा. ताजं शेण नको, त्याने मुळं भाजतात आणि वाळवी येते. पिशवी ब्लेडने उभी कापून काढा, गोल फिरलेली मुळं कात्रीने छाटा. मातीचा गड्डा जमिनीच्या दोन इंच वर राहू द्या, कारण भरलेली माती पहिल्या पावसात बसते. कलमाचा सांधा, म्हणजे खालच्या रोपावर हव्या जातीची काडी जोडलेली जागा, मातीपासून वीतभर तरी वर हवा. तो गाडला गेला तर ओलाव्याने कुजतो. सांध्यावरची प्लॅस्टिकची पट्टी राहिली असेल, तर सांधा पक्का जुळल्यावर कापा. नाहीतर खोड जाड होताना तीच गळफास होते. सांध्याखालून फुटलेले कोंब दिसले की लगेच मोडा. ते खुंटाचे, म्हणजे खालच्या मूळ रोपाचे असतात आणि कलमापेक्षा जोमाने वाढतात.

आधाराचा बांबू गड्ड्यात खुपसू नका, बाजूला रोवा. सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी आणि सैल बांधा.

पावसाळ्यात आळं करायचं नाही, उलट खोडाकडून बाहेर उतार द्या. पाऊस गेला की फूट-दीड फुटाचं आळं करा, त्यात झाडलोटीचा पालापाचोळा तीन इंच पसरा, पण खोडापासून चार बोटं लांब. दर दोन-तीन दिवसांनी अर्धी-पाऊण बादली पाणी. आधी बोट खुपसून माती ओली आहे का बघा. पहिल्या वर्षी युरिया नको. आळ्याभोवती सिमेंटचा कट्टा तर मुळीच नको, पेव्हर ब्लॉकही तीन फूट दूरच थांबवा.

लिंबू आणि कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी येते, फुलपाखराची असते. दोन-तीन दिवसांत ती कोवळा शेंडा साफ करते. फवारणीची गरज नाही, सकाळी पानं उलटसुलट करून हाताने काढा.