१९२४ चं लीग टेबल वाचायचंय? आधी कॅल्क्युलेटर घ्या

जुन्या इंग्लिश फुटबॉलचा सीझन उघडला की बहुतेक जण एकच चूक करतात, आजचे नियम डोक्यात ठेवून टेबल बघतात, मी पण केलीये. सरावाला हडर्सफील्ड टाउनचा १९२३-२४ चा सीझन घ्या, हर्बर्ट चॅपमन मॅनेजर असतानाचा.

फर्स्ट डिव्हिजनमध्ये (तेव्हाची सगळ्यात वरची पातळी) २२ टीम, प्रत्येकीच्या ४२ मॅच. जिंकलं की २ पॉइंट (३ नाही!), ड्रॉला १. हडर्सफील्ड २३ जिंकले, ११ ड्रॉ, झाले ५७. खाली कार्डिफ सिटी बघा, क्लब वेल्सचा पण खेळायचा याच लीगमध्ये, २२ जिंकले, १३ ड्रॉ, परत ५७च.

आता इथे गोलांची वजाबाकी करायची नाही, भागाकार करायचा, याला गोल ॲव्हरेज म्हणायचे. हडर्सफील्डने ६० मारले ३३ खाल्ले, म्हणजे १.८१८, कार्डिफने ६१ मारले ३४ खाल्ले, म्हणजे १.७९४. एवढ्याशा फरकाने हडर्सफील्ड चॅम्पियन! वजाबाकी केली असती तर दोघांचे २७च, मग जास्त गोल म्हणून कार्डिफ वर. आणि आजचे ३ पॉइंट लावले तर परत हडर्सफील्डच, ८० विरुद्ध ७९. करून बघा, मजा येते.

मग शेवटच्या दिवसाचे रिझल्ट काढा, टेबलात ते दिसत नाहीत. हडर्सफील्डने नॉटिंगहॅम फॉरेस्टला ३-० हरवलं, तिकडे बर्मिंगहॅममध्ये कार्डिफला पेनल्टी मिळाली आणि लेन डेव्हिसने ती घालवली, मॅच ०-०. बिचारा.

गोलांचे आकडे बघताना १९२५ ची रेघ मनात आखूनच ठेवा. त्याआधी ऑफसाइड (गोलजवळ पुढे उभं राहून पास घ्यायला मनाई) टाळायला अटॅकरच्या पुढे समोरच्या टीमचे तीन खेळाडू लागायचे, मग दोन केले, आणि डिफेन्सवाल्यांची पार धांदल उडाली, फर्स्ट डिव्हिजनचे गोल एका सीझनमध्ये ११९२ वरून १७०३ वर गेले. एव्हर्टनच्या डिक्सी डीनचे १९२७-२८ मधले ६० गोल या रेघेनंतरचे आहेत, म्हणून लगेच आधीच्या स्ट्रायकरांना कमी समजू नका.

आणि नुसता गोलांचा कॉलम बघून टीम चांगली होती असं तर अजिबात ठरवू नका. खालचे दोन रेलिगेट व्हायचे, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये जायचे, आणि १९३७-३८ मध्ये मँचेस्टर सिटीने डिव्हिजनमध्ये सगळ्यात जास्त ८० गोल मारले, आदल्या वर्षीचे चॅम्पियन होते, तरी २१ वे येऊन खाली गेले 😄