गंजलेले स्टड न तोडता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कसा बदलावा

आधी कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा धुरातले विषारी वायू निकामी करणारा डबा, खरंच गेलाय का, ते बघा. चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी ०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड) दिसला की लोक लगेच नवा मागवून मोकळे होतात. सायलेन्सरच्या जोडातून हवा आत खेचली जात असेल किंवा कन्व्हर्टरच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर थकला असेल, तरी हाच कोड येतो. इंजिन चांगलं तापल्यावर कन्व्हर्टरच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही सेन्सरचे आकडे बघा. साध्या सेन्सरच्या गाडीत पुढचा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत खालीवर होतो, मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत राहायला हवा. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर कन्व्हर्टर गेला. गाडी थंड असताना मुठीने हलकेच ठोकून बघा, आत खुळखुळलं तर सिरॅमिकची जाळी फुटली आहे.

जाळी आपणहून क्वचितच मरते. मिसफायरमुळे, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी नीट न पडल्याने किंवा पेट्रोल न पेटल्याने, कच्चं पेट्रोल आत जाऊन जळतं किंवा इंजिन ऑइल खात असतं. ते दुरुस्त केल्याशिवाय नवा बसवलात तर तोही त्याच वाटेने जाईल.

‘आतली जाळी फोडून रिकामा डबा बसवा, पिकअप वाढतो’ हा सल्ला मला गेली कित्येक वर्षं ऐकू येतोय आणि दर वेळी संताप होतो. त्या जाळीवरचे प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे धातू कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड निकामी करतात. १९९५ च्या एप्रिलपासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तो उगाच नाही. जाळी काढलीत की तो सगळा धूर सिग्नलला मागे उभ्या असलेल्या दुचाकीवरच्या मुलाच्या तोंडावर जातो.

आता कामाकडे. मी सांगतोय ते गाडीच्या पोटाखाली, दोन्ही टोकांना फ्लँजने (नटबोल्टने जोडायच्या चपट्या कडेने) बसवलेल्या कन्व्हर्टरचं. गाडी सपाट जागेवर, स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. बॅटरीची निगेटिव्ह काढा. डोळ्यांना चष्मा हवाच, गंजाचा चुरा सरळ तोंडावर पडतो.

सगळं काम अडतं ते नटांपाशी. कोकणात खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. इथे फ्लँजचे नट गंजून स्टडशी, म्हणजे एका टोकाला कायमच्या बसवलेल्या आट्यांच्या दांड्याशी, एकजीव होतात. सुरुवातीला मी लांब पाइप लावून जोर केला आणि मॅनिफोल्डच्या (इंजिनमधला धूर गोळा करून बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) बाजूचा स्टड मुळापासून तोडला. उरलेला तुकडा ड्रिल करताना बिट मधोमध बसलं नाही, आटे गेले. दोन तासांच्या कामाला दोन दिवस लागले आणि मॅनिफोल्ड उतरवावा लागला तो वेगळाच.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारं तेल मारायचं, सकाळी पुन्हा. मग नटाच्या बाहेर आलेले स्टडचे आटे तारेच्या ब्रशने चकचकीत करायचे. हे कुणीच सांगत नाही. नट त्याच आट्यांवरून बाहेर येणार असतो, ते गंजलेले राहिले तर सुटलेला नटही अर्ध्या वाटेत धरतो. सॉकेट सहा कोनी वापरा. बारा कोनीने नटाचे कोपरे जातात, आणि स्क्रू पान्याला तर इथे हातच लावू नका.

नट आधी किंचित आवळा, मग सोडा. पाव फेरा बाहेर, थोडा आत, पुन्हा तेल. हाताकडे लक्ष ठेवा. नट सुटताना ‘कर्र’ असा कोरडा आवाज येतो आणि पाना झटका देतो. पाना आवाज न करता मऊ, रबरासारखा फिरायला लागला तर लगेच थांबा. नट सुटत नाहीये, स्टड पिळला जातोय.

तिथे थांबलात की उष्णता द्या. त्याआधी तेल पूर्ण पुसा, जवळून पेट्रोलची किंवा ब्रेकची नळी जात असेल तर गॅस पेटवूच नका. ज्योत नटावर धरा, स्टडवर नाही. नट लाल झाला की गॅस बंद करा, लाली उतरू द्या आणि आट्यांच्या तोंडाशी मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आत ओढलं जातं. तरीही नट हलला नाही तर तो उभा चिरून फोडा. नट काही रुपयांचा, स्टड गेला तर मॅनिफोल्ड जातो. कन्व्हर्टरच्या स्वतःच्या बाजूचे बोल्ट मात्र बिनधास्त कापा, तो तुकडा जायचाच आहे.

सेन्सर मात्र सर्वांत आधी, बॅटरी सोडण्यापूर्वी इंजिन तीन-चार मिनिटं चालवून ते कोमट असताना, वायरसाठी चीर असलेल्या २२ मिमी सॉकेटने काढा. जाड हातमोजे घाला आणि वायर पिळू देऊ नका.

जुना कन्व्हर्टर उतरवा, डब्यावरचा बाण गाडीच्या मागच्या दिशेला ठेवून नवा चढवा. गॅस्केट आणि नट नवेच. सगळे नट आधी हाताने लावा, मग पुढून मागे आवळत जा. फ्लँजला सिलिकॉन फासू नका, त्याच्या वाफेने सेन्सर खराब होतो. सेन्सरच्या आट्यांना अँटीसीझ (आटे धरू न देणारी) पेस्ट लावा, टोकाला अजिबात नाही.

इंजिन चालू करा. सुरुवातीला थोडा धूर आणि वास येईल, तो वरच्या तेलाचा. जोडाशी फुसफुस ऐकू येत नाही ना, एवढं तपासा. कोड पुसा, दोन-तीन दिवस गावात आणि हायवेवर चालवा, मगच पीयूसीला न्या. शेदोनशे किलोमीटरनंतर, गाडी पूर्ण थंड असताना, नट पुन्हा एकदा आवळा. नवं गॅस्केट दबलं की ते हमखास सैल झालेले असतात.