चार पेट्यांच्या वीस करताना मेणपत्र्यांवरचा खर्च कुठे वाचवला आणि कुठे नाही

तिसऱ्या वर्षी माझ्या सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, चार पेट्यांच्या वीस करायचं ठरवलं आणि पहिली खरेदीच चुकली. शहरात स्वस्त मिळाले म्हणून मेणपत्र्यांचा गठ्ठा उचलून आणला. मेणपत्रा म्हणजे घरांचे ठसे असलेला मेणाचा पातळ पत्रा, तो चौकटीत बसवला की माशा त्यावर पोळं बांधतात. पत्रे माझ्या चौकटींपेक्षा मोठे होते, ते कापून बसवले. महिन्याभरात माशांनी त्यावर काहीतरी वेडंवाकडं बांधलं. काही ठिकाणी पत्रा कुरतडून टाकला, काही ठिकाणी नुसती नर माशा वाढवायची घरं. गावातल्या तात्यांचं उभं आयुष्य मधपेट्यांत गेलेलं. त्यांनी चौकट उजेडात धरली आणि म्हणाले, "अरे, हा मेलिफेराचा पत्रा. सातेरी यावर कामकरी कशी वाढवणार?"

मेलिफेरा म्हणजे मोठी युरोपीय मधमाशी. तिच्या कामकरी माशीचं घर सव्वापाच ते साडेपाच मिलिमीटर रुंद असतं. सातेरीचं पाचाच्या आतच. मेलिफेराच्या मापाचं घर तिला नराचं वाटतं. म्हणून पत्रे घेताना पहिला प्रश्न भावाचा नाही, मापाचा विचारा. मोजपट्टी लावून सलग दहा घरं मोजा. पन्नास मिलिमीटरच्या वर गेली तर ते पत्रे सातेरीसाठी घेऊ नका.

हे सगळं जावळी तालुक्यातलं, सह्याद्रीच्या पावसातलं, सातेरीचं सांगतोय. सूर्यफुलाच्या किंवा कांदा बियाण्याच्या शेतात मेलिफेराच्या पेट्या फिरवणाऱ्यांचं गणित वेगळं असतं.

त्या चुकीनंतर वही घेऊन बसलो. माझी पेटी आठ चौकटींची. सोळा नव्या पेट्या म्हणजे खाली पिलाव्याच्या कोठीत, जिथे अंडी-अळ्या वाढतात तिथे, १२८ चौकटी. वर मधकोठीच्या अर्ध्या उंचीच्या १२८, म्हणजे ६४ पूर्ण पत्रे. एकूण १९२. इतके पत्रे विकत घेणं मला परवडणारं नव्हतं, पण खरं तर इतके लागणारही नव्हते. हे कळायला मला एक अख्खा हंगाम लागला.

सातेरीला जुनं, काळं पडलेलं पोळं आवडत नाही. ती ते कुरतडते, पाडते आणि नवं बांधते. त्यामुळे पिलाव्याच्या कोठीत महागडा अख्खा पत्रा लावला, तरी दोन-तीन वर्षांत ते पोळं काढावंच लागतं. मधकोठीत राणी सहसा अंडी घालत नाही, पोळं स्वच्छ राहतं आणि मध काढून झाल्यावर तेच परत देता येतं. म्हणून मी उलटं केलं. खाली, पिलाव्याला, इंचभर रुंदीच्या पट्ट्या. वर, मधाला, पूर्ण पत्रे. एका पत्र्यातून पाच पट्ट्या निघाल्या, म्हणजे १२८ चौकटींचं काम २६ पत्र्यांत झालं. वरच्या ६४ पत्र्यांचा खर्च मात्र मनापासून केला, कारण नुसत्या पट्टीवर बांधलेलं कोवळं पोळं मधयंत्रात, म्हणजे चौकटी फिरवून मध काढायच्या यंत्रात, तुटतं. शिवाय फुलोरा जोरात असताना माशीने मध आणावा, तो खाऊन मेण करत बसू नये. एक किलो मेण करायला माशांना सहा ते आठ किलो मध खावा लागतो असं जाणकार सांगतात. सातेरीची पेटी वर्षाला पाच-दहा किलो देते, तिथे हा हिशोब फार जड पडतो.

पट्टी लावायची तर तीन गोष्टी सांभाळा. चौकटीच्या वरच्या दांडीच्या खाचेत पट्टी बसवून वितळलेल्या मेणाची धार सोडा. नुसती दाबून बसवलेली पट्टी उन्हात गळून पडते. पेटी डाव्या-उजव्या बाजूने अगदी समपातळीत ठेवा. माशा पोळं ओळंब्यासारखं सरळ खाली सोडतात, पेटी कलली की पोळं चौकटीबाहेर जाऊन शेजारच्या चौकटीला चिकटतं. पुढच्या बाजूला किंचित उतार चालतो, पावसाचं पाणी बाहेर जातं. आणि पट्टीची चौकट दोन सरळ बांधलेल्या पोळ्यांच्या मध्ये द्या. दोन पट्ट्या शेजारी-शेजारी दिल्या की गोंधळ झालाच म्हणून समजा.

आठही चौकटी एकदम देऊ नका. नुकत्याच विभागलेल्या वसाहतीला तीन-चार पुरतात. बाकीची जागा आडव्या फळीने बंद करायची आणि माशा वाढतील तशी फळी सरकवायची. मोकळ्या जागेत पोळं खाणारा मेणकिडा घुसतो, आणि मेणकिड्याला वैतागून सातेरी घर सोडून जाते. विभाजन मी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात करतो. तेव्हा पातळ साखरेचा पाक देतो, पाण्याइतकीच साखर. पाक मिळाला की मेण सुटतं. या साखरेत काटकसर करू नका. मी एकदा केली आणि दोन पेट्या रिकाम्या झाल्या.

झाडाच्या ढोलीतली वसाहत पेटीत आणली तर मेणपत्रा जवळजवळ लागतच नाही. पिलाव्याचं पोळं चौकटीच्या मापाने कापायचं, चौकटीत बसवायचं आणि केळीच्या सोपाने बांधायचं. माशा चार-पाच दिवसांत पोळं दांडीला जोडतात आणि सोप स्वतःच कुरतडून बाहेर टाकतात. पोळं उलटं बांधू नका, वरची बाजू वरच राहिली पाहिजे. मधाचा भाग वेगळा काढा, नाहीतर मध सांडतो आणि मुंग्या येतात. माझ्या सोळातल्या सात पेट्या अशा आल्या. झाड तोडायची गरज एकदाही पडली नाही.

आता मेण. बहुतेक नवे मधपाळ पैसा इथेच फेकून देतात. मध काढताना सुरीने कापलेल्या टोप्या (मधाच्या घरांवरची मेणाची झाकणं), चौकटीबाहेर बांधलेले तुकडे, काढलेली काळी पोळी, सगळं एका डब्यात जमवा. शंभर किलो मधामागे नुसत्या टोप्यांचं एक-दोन किलो मेण निघतं. टोप्यांचं मेण वेगळं ठेवा, ते सगळ्यात चांगलं. काळी पोळी रात्रभर पाण्यात भिजवून, सुती फडक्यात बांधून, वर दगड ठेवून पाण्यात उकळायची. मेण वर तरंगतं, गाळ फडक्यात राहतो, भांडं गार झालं की वरची वडी उचलायची. भांडं स्टीलचं घ्या, लोखंडात मेण काळवंडतं. मेण थेट विस्तवावर कधीही ठेवू नका, ते पेट घेतं. ते ६२ ते ६५ अंशांनाच वितळतं, गरम पाण्याचं भांडं पुरेसं असतं. मे महिन्यात तर तेही नको. काळ्या रंगाच्या खोक्यावर काच लावली की ऊनच काम करतं.

हे मेण देऊन पत्रे बदलून घेता येतात, मग मजुरीच तेवढी द्यावी लागते. पट्ट्यांसाठी मी त्याहूनही साधं करतो. गुळगुळीत फळी रात्रभर पाण्यात भिजवायची, वितळलेल्या मेणात दोन-तीनदा बुडवायची, गार झाल्यावर मेणाचा पातळ पापुद्रा सोलायचा आणि त्याच्या पट्ट्या कापायच्या. त्यावर घरांचे ठसे नसले तरी चालतं. उलट स्वतःचं मेण असल्यामुळे त्यात पॅराफिन नाही याची खात्री असते. भेसळीचा पत्रा उन्हाळ्यात मधाच्या भाराने लोंबतो आणि घरं ताणली जातात.

बांधलेली मधकोठीची पोळी हे माझं खरं भांडवल आहे. पावसाळ्यात ती मेणकिड्यापासून जपायला फार कष्ट पडतात. मध काढल्यावर एक रात्र पेटीवर परत ठेवतो, माशा चाटूनपुसून साफ करतात. मग कोठ्या एकावर एक रचून, फटी बंद करून, उघड्यावर गंधकाची धुरी. गंधकाने अळ्या मरतात पण अंडी वाचतात, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा. धूर नाकात जाऊ देऊ नका. थोडीच पोळी असतील तर डीप फ्रीझरमध्ये दोन दिवस ठेवलेली सगळ्यात बरी, त्यात अंडीही मरतात. डांबरगोळ्या मात्र कधीच नाही. मेण तो वास शोषतं आणि तो मधात उतरतो.

पेट्या मी गावच्या सुताराकडून करून घेतल्या. त्याला कागदावर माप दिलं नाही, एक चांगली पेटी आणि एक चौकटच नेऊन दिली. चौकट आणि भिंत यांत सहा ते नऊ मिलिमीटरची वाट राहिली पाहिजे. कमी पडली तर माशा ती बुजवतात, जास्त झाली तर तिथे पोळं बांधतात. लाकूड वाळलेलं, बिनवासाचं. रंग फक्त बाहेरून. मधयंत्र आम्ही तिघांत मिळून एक घेतलं, ते वर्षात मोजके दिवस लागतं.

जुन्या पेट्या स्वस्तात मिळतात. घ्यायच्या तर रिकाम्या घ्या, आतून खरवडून ज्योतीने भाजून काढा. जुनी पोळी फुकट दिली तरी घेऊ नका, त्यातून रोग येतो. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड या पिलावा मारणाऱ्या विषाणूच्या साथीने दक्षिणेत सातेरीच्या असंख्य वसाहती गेल्या.

खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत साहित्यावर ५० टक्के अनुदान असतं आणि त्याआधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. महाबळेश्वरचं मध संचालनालय याच मंडळाचं. मी आधी पेट्या घेतल्या आणि मग चौकशी केली. तुम्ही आधी अर्ज करा, सुताराकडे नंतर जा.

या वर्षी सत्तावीस पेट्या आहेत. जांभूळ संपत आलाय, हिरडा सुरू आहे आणि मेणाच्या डब्यात साडेतीन किलो जमलंय. पाऊस सुरू व्हायच्या आत ते वितळवून ठेवायचंय.