कोल्हापुरात पहिली मिळकत घेताना: दर कमी का आहे, हे आधी शोधा

कोल्हापुरात एखादा प्लॉट किंवा फ्लॅट शेजारच्या दरापेक्षा दोन-चार लाखांनी स्वस्त मिळत असेल, तर त्याचे कारण बहुतेक वेळा दोनच ठिकाणी सापडते: एक तर पंचगंगेच्या पाण्यात, नाहीतर कागदात. मालकाला मुलीच्या लग्नाची घाई आहे, भाऊ पुण्याला स्थायिक झाला आहे, ही कारणे एजंट सांगतो आणि ती क्वचित खरीही असतात. नवख्या माणसाने ती शांतपणे ऐकून घ्यावीत आणि तरीही स्वतःचा शोध थांबवू नये. राहत्या घरातली एखादी उणीव माणूस वर्षानुवर्षे पचवतो. गुंतवणुकीची मिळकत मात्र कधी ना कधी दुसऱ्याला विकायची असते, आणि आपल्या नजरेतून सुटलेली त्रुटी त्या दुसऱ्याच्या वकिलाच्या नजरेतून सुटत नाही.

आधी वही-पेन्सिल

मिळकती पाहत फिरण्याआधी हिशेब मांडावा. उदाहरणादाखल ४५ लाखांचा, दोन बेडरूमचा तयार फ्लॅट धरू. ३० ते ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम देऊ शकते, म्हणजे ३६ लाख कर्ज आणि ९ लाख आपले. महापालिका हद्दीतले मुद्रांक शुल्क ६ टक्क्यांप्रमाणे २ लाख ७० हजार होते आणि नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार, इतकी लागते. हे ३ लाख कर्जात बसत नाहीत. वकील, एजंटाची दलाली, रंगकाम आणि किरकोळ दुरुस्ती वेगळी. तेव्हा हाताशी १२ लाखांहून अधिक रोकड नसेल, तर ४५ लाखांच्या मिळकतीचा विचार आज करू नये. मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि रेडीरेकनरची (सरकारी दरतक्त्याची) किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर आकारले जाते, हेही आधीच पाहून ठेवावे. निवासी मिळकत केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास शुल्कात १ टक्क्याची सवलत मिळते. आई किंवा पत्नीच्या नावे घेण्याचा विचार असेल, तर पुढे मालकी तिचीच राहणार आहे, हे घरात स्पष्ट बोलून मगच तो निर्णय घ्यावा.

आता भाड्याकडे वळू. ३६ लाखांच्या कर्जाचा साडेआठ टक्के व्याजाने, वीस वर्षांच्या मुदतीचा हप्ता महिना सुमारे ३१,२०० रुपये बसतो. या फ्लॅटला १३ हजार भाडे मिळाले असे धरले, तर वर्षाला १ लाख ५६ हजार, म्हणजे किमतीच्या साडेतीन टक्के होतात. त्यातून घरफाळा, सोसायटीचा मेंटेनन्स आणि वर्षाकाठी एखादा रिकामा महिना वजा केला की हाती तीन टक्केही उरत नाहीत. ‘भाड्यातून हप्ता फिटतो’ हे वाक्य ज्याने कोणी तुम्हाला सांगितले असेल, त्याच्यासमोर हीच आकडेमोड ठेवावी. दरमहा १८ हजारांची तूट पगारातून किंवा धंद्यातून सलग सहा-सात वर्षे भरण्याची ताकद असेल, तरच कर्ज काढून गुंतवणूक करण्यात अर्थ आहे. ती ताकद नसेल, तर कमी किमतीचा एका बेडरूमचा जुना फ्लॅट पाहावा, किंवा शेअर बाजारात नोंदलेल्या रीट्समध्ये (भाड्याच्या इमारतींत अनेकांचा पैसा एकत्र गुंतवणाऱ्या निधींमध्ये) थोडी रक्कम घालून भाड्याच्या उत्पन्नाचा अंदाज घ्यावा. भारतात पहिले रीट २०१९ मध्ये शेअर बाजारात दाखल झाले, आणि त्याचे एक युनिट काहीशे रुपयांतही घेता येते.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी लागतो. कोल्हापूरसारख्या शहरात ४५ लाखांपर्यंत किंमत आणि ९० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र असेल, तर तो १ टक्का असतो. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही. शिवाय चालू बांधकामात भाडे नसते आणि हप्ता मात्र असतो. म्हणून पहिली मिळकत तयार असावी, लगेच भाड्याने जाण्याजोगी असावी आणि गाडीवरून अर्ध्या तासात पोहोचता येईल इतकी जवळ असावी, असे माझे मत आहे.

भाडेकरू कोण असेल, हे ठरवल्याशिवाय भाग ठरवू नये. शिवाजी विद्यापीठ, सायबर चौक आणि राजारामपुरीच्या गल्ल्यांत विद्यार्थी मिळतात, पण ते उन्हाळ्यात जागा सोडतात. उचगाव, उजळाईवाडीकडे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतले नोकरदार जागा पाहतात. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून शहरात सुरू झाल्यावर वकिलांच्या कार्यालयांसाठी जागेची विचारणा होणे स्वाभाविक आहे. मात्र ‘बेंचमुळे दर दुप्पट होणार’ या भाकितावर आजच जादा दर मोजणे म्हणजे उद्याचा नफा आजच मालकाच्या हाती देणे होय.

पाणी कुठपर्यंत आले होते

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीतील कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क आणि रमणमळ्याचे काही भाग या दोन्ही पुरांत लोकांनी पाण्याखाली पाहिले आहेत. पण एकाच कॉलनीत एक गल्ली बुडते आणि पुढची कोरडी राहते, म्हणून भागाच्या नावावर निर्णय न घेता प्रत्येक इमारत स्वतंत्रपणे तपासावी लागते.

एकदा शाहूपुरीकडच्या एका जुन्या अपार्टमेंटमध्ये मी फ्लॅट पाहायला गेलो होतो. एजंट लिफ्टचे कौतुक करत असताना माझे लक्ष पार्किंगमधल्या वीजमीटरच्या पेटीकडे गेले. ती माणसाच्या डोक्याच्याही वर, जिन्याच्या मधल्या टप्प्याशी बसवलेली होती आणि खाली भिंतीवर जुन्या पेटीच्या खिळ्यांची चार भोके तशीच होती. नवा रंग दिलेला होता, तरी लिफ्टच्या मागच्या कोपऱ्यात गढूळ पाण्याची रेघ छातीच्या उंचीवर स्पष्ट दिसत होती. मी एजंटाला काही विचारले नाही; समोरच्या इस्त्रीवाल्याला विचारले, आणि त्याने दोन्ही वर्षांचे पाणी हाताने दाखवले. नवख्याने हेच करावे: मीटर, पंपाची मोटर, लिफ्टची खोली आणि कंपाउंडची भिंत पाहावी, आणि त्या गल्लीत वीस वर्षे धंदा करणाऱ्या माणसाशी बोलावे.

त्यानंतर कागदी खात्री करावी. पूररेषा दोन असतात: निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध असतात. रिकामा प्लॉट घ्यायचा असेल, तर महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा घेतल्याशिवाय विसार (व्यवहार ठरवताना द्यायची आगाऊ रक्कम) देऊ नये. पूरक्षेत्रातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट कोरडा राहतो हे खरे, पण आठ दिवस वीज आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत भाडेकरू दुसऱ्या वर्षी थांबत नाही.

पाचगाव, मोरेवाडी, कळंबा हा भाग उंचावर असल्याने तिथे चौकशी उलट दिशेने करायची: नळाला पाणी किती दिवसांनी येते, बोअर उन्हाळ्यात टिकते का, टँकर कोण मागवतो आणि त्याचे पैसे कोण देतो.

कागद वाचणे

शहरात मिळकत पत्रिका असते, तिच्यावर सिटी सर्व्हे नंबर आणि वॉर्ड दिलेला असतो, शहराबाहेर सातबारा. सातबाऱ्यावर नवखा माणूस मालकाचे नाव आणि क्षेत्र एवढेच पाहतो. खरे वाचायचे असते ते ‘भोगवटादार वर्ग’ आणि ‘इतर हक्क’ या ठिकाणी. वर्ग १ ची जमीन साधारणपणे मुक्तपणे विकता येते. वर्ग २ असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय विक्री करता येत नाही. कोल्हापूर पूर्वी संस्थान असल्यामुळे इथे इनाम आणि वतनाच्या जमिनी पुष्कळ आहेत, आणि ‘देवस्थान इनाम’ अशी नोंद दिसली, तर दर कितीही मोहात पाडणारा असला तरी नवख्याने तिथून उठावे. इतर हक्कांत विकास सोसायटीचा पीककर्जाचा बोजा, बँकेचा बोजा, कुळाचे नाव किंवा दाव्याची नोंद असू शकते; बोजा फेडता येतो, दावा मात्र आपल्या आयुष्यात मिटेलच असे नाही.

फेरफार, म्हणजे मालकीतल्या बदलाची नोंद, वाचण्याचा धडा मी पैसे अडकवून शिकलो. शहरालगतच्या एका गावातल्या प्लॉटसाठी मी धनादेशाने विसार दिला होता. सातबाऱ्यावर दोन भावांची नावे होती आणि दोघेही सही करायला तयार होते. वारसनोंदीचा जुना फेरफार वकिलाने काढला, तेव्हा कळले की वडिलांना दोन मुलीही होत्या आणि त्यांची नावे लागलेलीच नव्हती. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. एका बहिणीने हक्कसोडपत्र करून दिले, दुसरी अखेरपर्यंत तयार झाली नाही, आणि विसाराची रक्कम परत मिळायला चौदा महिने गेले. तेव्हापासून ‘घरात बहिणी किती?’ हा माझा पहिला प्रश्न असतो, आणि तो विचारताना मला मुळीच संकोच वाटत नाही.

गुंठा-दोन गुंठ्यांच्या स्वस्त प्लॉटबाबत विशेष सावध राहावे. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. बिगरशेती न झालेल्या शेतजमिनीचे असे तुकडे पाडून विकले जातात आणि खरेदीदाराचे नाव सामाईक सातबाऱ्यावर वीस-पंचवीस जणांबरोबर लावून दिले जाते. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली बागायतीसाठी १० आणि जिरायतीसाठी २० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे तुकड्याची किमान मर्यादा, आहे. शिवाय शेतजमीन विकत घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो. तुकडेबंदीत सवलती आल्या असल्या, तरी सामाईक सातबाऱ्यावर नाव असणे आणि रस्त्याकडेचा अमुक एक प्लॉट आपला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंजूर रेखांकन, बिगरशेतीची कागदपत्रे आणि भूमी अभिलेखाची मोजणी यांवाचून चतुःसीमा म्हणजे एजंटाने हाताने दाखवलेली हवा. शहरालगतची ४२ गावे २०१७ मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणात आहेत. तिथल्या इमारतीला परवाना नेमका कोणी आणि कोणत्या साली दिला, हे लेखी पाहावे.

फ्लॅट घेताना महारेराचे, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचे, संकेतस्थळ उघडावे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील आणि आठपेक्षा जास्त सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणी बंधनकारक आहे, आणि नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. आपल्याकडे सहा-आठ फ्लॅटच्या छोट्या इमारती बऱ्याच असल्यामुळे ‘आम्हाला रेरा लागत नाही’ हे उत्तर खरे असू शकते. तिथे मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र यांची पडताळणी आपल्यालाच करावी लागते.

मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्यावा आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. याखेरीज एक सोपी चाचणी मी सर्वांना सुचवतो: पैसे रोख हाताशी असले, तरी एखाद्या मोठ्या बँकेत त्या मिळकतीवर थोडे कर्ज मागावे. बँकेच्या वकिलाने फाईल परत केली, तर आपल्याला न दिसलेले काहीतरी त्याला दिसले आहे.

व्यवहार आणि त्यानंतर

विसार, साठेखत (विक्री करण्याचा करार) आणि खरेदीखत हा क्रम ठेवावा आणि प्रत्येक रुपया बँकेतून द्यावा. मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. निम्मे रोखीत देण्याचा आग्रह झाला, तर एवढेच आठवावे की कागदावर कमी दिसलेली खरेदी किंमत आपण विकताना जास्त नफा म्हणून उभी राहते, आणि त्यावरचा कर आपल्यालाच भरावा लागतो. मिळकत ५० लाखांची किंवा त्याहून अधिक असेल, तर १ टक्का कर कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची आहे.

खरेदीखत झाल्यावर पेढे वाटून मोकळे होण्याची घाई करू नये. इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) घ्यावा, फेरफार किंवा मिळकत पत्रिकेवरील नोंदीसाठी पाठपुरावा करावा, घरफाळ्याच्या आणि वीजबिलाच्या नोंदीत नाव बदलून घ्यावे. भाडेकरू ओळखीचा असला तरी अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवूनच चावी द्यावी. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे आणि ती घरबसल्या ऑनलाइन होते. भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला घरफाळा आणि त्यानंतर उरलेल्या रकमेच्या ३० टक्के वजावट मिळते, म्हणून घरफाळ्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात. खरेदीपासून चोवीस महिने उलटल्यानंतर विक्री केल्यास नफा दीर्घकालीन धरला जातो आणि २३ जुलै २०२४ नंतर घेतलेल्या मिळकतीवर त्याचा दर १२.५ टक्के आहे. चोवीस महिन्यांच्या आत विकल्यास तो नफा आपल्या नेहमीच्या उत्पन्नात मिसळून त्या टप्प्याच्या दराने कर लागतो. चौकशी करताना काढलेले झोन दाखले, जुने फेरफार आणि वकिलाचा अहवाल याच फाईलमध्ये लावून ठेवावा, कारण उद्याचा गिऱ्हाईक दर ऐकून आधी तीच फाईल मागणार आहे.