अंध व्यक्तीसाठी लेखनाचं सॉफ्टवेअर निवडताना

आधी स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) ठरवा, मग लिहिण्याचं सॉफ्टवेअर. एनव्हीडीए हा विंडोजवरचा स्क्रीन रीडर मोफत आहे, आणि त्यातल्या ईस्पीक आवाजात मराठीही मिळते. (आवाज यंत्रासारखा वाटतो, पण लवकर सवय होते.)

सॉफ्टवेअर पारखताना स्क्रीन बंद ठेवा. दोन-तीन शीर्षकं आणि एक तक्ता असलेली फाइल उघडा. इन्सर्ट आणि एफ एकत्र दाबल्यावर फॉन्ट, अक्षराचा आकार ऐकू येतो का? तक्त्यात रकाना कितवा ते कळतं का? वर्डमध्ये इन्सर्ट-स्पेस दाबून ब्राउझ मोड (न लिहिता नुसतं वाचत फिरण्याची सोय) सुरू केला की नुसत्या ‘एच’ने पुढच्या शीर्षकावर जाता येतं. लांब मजकुरात ही सोय फार मोलाची. पैसे खर्चायचे नसतील तर लिब्रेऑफिस रायटर साध्या पत्रांना, अर्जांना पुरतं. दुरुस्त्या आणि शेरे असलेल्या फाइलींची देवाणघेवाण असेल तर माझं मत वर्डलाच.

मराठी मजकूर मात्र युनिकोडमध्येच (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या प्रमाण पद्धतीत) हवा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधली फाइल डोळ्यांना मराठी दिसते, पण आत असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, त्यामुळे स्क्रीन रीडर निरर्थक काहीतरी बडबडतो. अशी फाइल आली तर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या.